राउटर बाराशेचा, पोर्ट शंभरचं

डोकं फिरलंय नुसतं. घरात वायफाय बसवणं हे तासाभराचं काम असायला हवं. तसं होत नाही, आणि तंत्र अवघड आहे म्हणून होत नाही असंही नाही. ज्यांना सगळं ठाऊक आहे ते नेमकं लागेल तेवढंच लपवतात, म्हणून होत नाही.

राउटरच्या खोक्यावर ठळक छापलेलं असतं: १२००, म्हणजे सेकंदाला १२०० मेगाबिट वेग. कुठून आला हा आकडा? वायफाय ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर चालतं, त्यातल्या २.४ गिगाहर्ट्झ बँडचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७, यांची बेरीज मारून वर गोल केलेला. अहो, पण माझा लॅपटॉप एका वेळी एकाच बँडवर असतो! त्या राउटरवर ही बेरीज कुठल्याच एका फोनला किंवा लॅपटॉपला मिळत नाही, आणि छापणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. ते ८६७ सुद्धा कागदावरचेच. राउटरला चिकटून बसून फाइल कॉपी केली तरी अर्धंपाऊणच हाती लागतं, मध्ये दोन भिंती आल्या की विचारूच नका.

तेही एकवेळ सोडून देऊ. पण राउटर उलटा करा आणि मागची पोर्टं बघा. १२०० मिरवणाऱ्या कितीतरी स्वस्त राउटरांची पोर्टं १०० मेगाबिटची असतात. इंटरनेटची वायर जिथून आत शिरते ते तोंडच शंभरचं! तुम्ही ३०० चा प्लॅन घ्या नाहीतर ५०० चा, ९५ च्या आसपास गाडी अडकणार म्हणजे अडकणार. मग माणूस राउटर या खोलीतून त्या खोलीत हलवतो, अँटेना वाकड्यातिकड्या करतो, चॅनल (बँडमधली लेन) बदलतो, आणि अडथळा असतो त्या एका भोकात. कुठे लिहिलंय हे? खोक्याच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत, '१०/१००' असं. याला मी फसवणूकच म्हणतो.

आता पुढची गंमत नव्हे, छळ. इंटरनेटवाल्यांनी बसवलेला डबा हा बहुतेक वेळा मोडेम (बाहेरची लाइन घरात आणणारं यंत्र) तर असतोच, वर स्वतः राउटरही (ते नेट घरात वाटणारं यंत्र) असतो. त्याला तुमचा नवीन राउटर जोडला की घरात एकात एक अशी दोन नेटवर्क तयार होतात. दोघंही आपापल्या परीने आयपी पत्ते, म्हणजे घरातल्या प्रत्येक यंत्राचे नेटवर्कवरचे क्रमांक, वाटत बसतात. इंटरनेट चालतं, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. मग प्रिंट काढायला जावं तर 'प्रिंटर सापडला नाही, तो चालू आहे का ते तपासा'. अरे, चालू आहे! समोर दिवा लागलाय! त्याच्या चिमुकल्या पडद्यावर पत्ता दिसतोय १९२.१६८.१.१०५ आणि लॅपटॉपचा पत्ता आहे १९२.१६८.०.१०३. तो 'एक' आणि तो 'शून्य' यातच सगळी मेख आहे. प्रिंटर जुन्या डब्याच्या नेटवर्कवर, लॅपटॉप नव्याच्या. शोध आपल्याच नेटवर्कपुरता चालतो, मग दिसणार कसा? प्रिंटरला फक्त २.४ कळतं, नव्या राउटरने दोन्ही बँड एकाच नावाखाली कोंबलेत, सेटअपच्या वेळी फोन ५ वर जाऊन बसतो आणि जोडणी अर्ध्यात मोडते. म्हणून तो बिचारा जुन्यालाच धरून बसलेला.

यावर उपाय आहे, आणि साधा आहे. नवीन राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे तो पत्ते न वाटता नुसता वायफाय पसरवेल. तो मोड नसेल तर त्याला जुन्या डब्याच्या पत्त्यांच्या रांगेतला, पण दुसऱ्या कुणाला न दिलेला पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटण्याची सोय) बंद करा आणि जुन्या डब्याकडून येणारी वायर वॅन पोर्टऐवजी (इंटरनेट आत घेणारं) लॅन पोर्टमध्ये (घरातली यंत्रं जोडायचं) खुपसा. संपलं. पत्ते वाटणारा एकच उरला की प्रिंटरही त्याच नेटवर्कवर येतो आणि दिसायला लागतो. दोन-तीन ओळींचं काम! पण क्विक स्टार्ट गाइडमध्ये काय असतं? वायर लावा, अ‍ॅप घ्या, आनंद घ्या. ते अ‍ॅप आधी तुमचा ईमेल मागतं. माझ्या घरातल्या भिंतीवरचा राउटर सुरू करायला कंपनीकडे माझं खातं कशाला हवं?

सुरक्षेच्या नावानेही तीच बोंब. वायफायला कुलूप लावायची पद्धत डब्ल्यूपीए२ २००४ पासून आहे, डब्ल्यूपीए३ २०१८ पासून. तरी जुन्या राउटरांच्या सेटिंगमधल्या यादीत डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी ही मोडीत निघालेल्या कुलपांची नावं इतरांच्या बरोबरीने मांडलेली असतात, शेजारी इशाऱ्याचा एक शब्द नाही. टीकेआयपी निवडलं की सुरक्षा जातेच, शिवाय वेग ५४ वर आपटतो, कारण त्यापुढचे वेग त्याच्यासोबत चालतच नाहीत. हे त्या पानावर लिहायला किती जागा लागली असती? चॅनलचंही तेच. २.४ मध्ये एकमेकांत न घुसणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११, पण यादीत १ ते १३ अशी सगळी सारख्याच दिमाखात. कुणीतरी ३ निवडतो आणि १ वाल्याचंही बिघडवतो, ६ वाल्याचंही.

आणि सिग्नल कमी पडला की गळ्यात मारतात एक्सटेंडर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे ढकलणारा डबा. एकच रेडिओ असलेला एक्सटेंडर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. फोनवर मात्र कांड्या पूर्ण! दांडगा सिग्नल, मरतुकडा वेग, आणि माणूस खूश होऊन घरी नेतो.

सगळ्यात जास्त संताप येतो तो फोन लावल्यावर. इंटरनेटवाले म्हणतात, राउटर तुमचा, तुम्ही बघा. राउटरवाले म्हणतात, लाइन त्यांची, त्यांना विचारा. प्रिंटरवाले दोघांकडे बोट दाखवतात. तिघांचं एकाच वाक्यावर एकमत: रीस्टार्ट करून बघा. अहो, दोन डीएचसीपी सर्व्हर रीस्टार्टने एक होत नाहीत! डबा ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नुसता मोडेम राहील आणि राउटरचं काम माझा राउटर करेल, एवढंच मागतोय मी. तर त्याचं लॉगिन ग्राहकाला देता येत नाही म्हणे, धोरण आहे. आणि तुम्ही करून द्या म्हटलं तर तक्रार नोंदवतात, माणूस येतो, दिवे हिरवे बघतो आणि 'नेट चालू आहे' असा शेरा मारून तक्रार बंद करतो. डबा माझ्या घरात, वीज माझी, महिन्याचं बिल माझं. त्याचा पासवर्ड मला मिळालाच पाहिजे, आणि तो मिळेपर्यंत मी दर वेळी तक्रार पुन्हा उघडणार आहे.