पोटभाडेकरू

सोसायटीच्या देखभाल-वर्गणीचा हिशेब घरच्या एका जुन्या लॅपटॉपवर, लिनक्स या संगणकप्रणालीच्या कंटेनरमध्ये ठेवावा, अशी कल्पना मी कार्यकारिणीच्या बैठकीत मांडली, तेव्हा अध्यक्षकाकांनी कंटेनर म्हणजे काय, असे विचारले. एका लिनक्सच्या पोटात दुसरे छोटे लिनक्स राहते, त्याची खोली वेगळी, दार वेगळे, दारावरची पाटीही वेगळी, पण पाणी मात्र सामाईक टाकीतूनच येते आणि त्या टाकीला कर्नल म्हणतात, असे मी सांगितले. काका क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हणजे पोटभाडेकरू. ठेवा, पण पोलीस पडताळणी करून घ्या." सगळे हसले आणि मीही हसलो. पुढचे तीन दिवस मी जे करत होतो, ते पडताळणीपेक्षा फारसे वेगळे नव्हते.

असे कंटेनर चालवणारे एलएक्ससी हे साधन २००८ पासून आहे, त्यामुळे एव्हाना ते समंजस झाले असेल, अशी माझी समजूत होती. पहिला दिवस कागदपत्रांतच गेला. कंटेनर साध्या वापरकर्त्याच्या नावाने चालवणे सुरक्षित असते, म्हणून आत ज्याला सर्वाधिकारी म्हणायचे त्या रूटला बाहेर १००००० असा एक निरुपद्रवी क्रमांक द्यायचा, तसे ६५५३६ क्रमांक त्याच्या नावे लिहून ठेवायचे, आणि या गृहस्थाला नेटवर्कच्या किती तारा जोडण्याची मुभा आहे तेही आणखी एका फाइलमध्ये नोंदवायचे. आत राजा आणि उंबऱ्याबाहेर कुणीच नाही, ही व्यवस्था मला समजायला वेळ लागला, कारण माझे नेमके उलटे आहे.

दुसऱ्या दिवशी नेटवर्क. कंटेनरला थेट घरच्या वायफायवर बसवावे, हा माझा भाबडा बेत होता. वायफायचा राउटर ज्या मॅक पत्त्याने, म्हणजे नेटवर्कवरच्या ओळख-क्रमांकाने, रीतसर नोंदणी केली असेल त्याचीच पॅकेटे, म्हणजे माहितीची पुडकी, घेतो, दुसऱ्याच्या पासावर प्रवास करू देत नाही, हे कर्नलला आधीच ठाऊक असल्याने त्याने वायफायला पुलात, म्हणजे तारा एकत्र जोडणाऱ्या काल्पनिक पेटीत, सामील करायलाच नकार दिला. मग मी राउटरपासून दिवाणखान्यातून आडवी केबल आणली आणि त्याच केबलवर कंटेनरला वेगळा मॅक पत्ता देणारा मॅकव्हीलॅन नावाचा प्रकार वापरला. कंटेनरला स्वतःचा पत्ता मिळाला, मोबाइलवरून हिशेब दिसू लागला, मात्र ज्या लॅपटॉपच्या पोटात तो राहत होता त्या लॅपटॉपशी तो एक शब्दही बोलेना. हा बिघाड नसून मॅकव्हीलॅनची रीतच तशी आहे, हे मी दीड तासाने वाचले. गावभर गप्पा मारणारे आणि एकमेकांशी मात्र अबोला धरणारे भाऊ मी पाहिले होते. ती सोय संगणकातही मुद्दाम करून ठेवलेली असेल, असे वाटले नव्हते. केबलला अडखळून चहाचा ट्रे पडता पडता वाचल्यावर तो विषय घरातूनच संपला.

तेव्हा मुकाट्याने रूढ मार्ग धरला. लॅपटॉपच्या आतच एक पूल असतो, त्याचा पत्ता १०.०.३.१. कंटेनरपासून पुलापर्यंत दोन तोंडांची एक काल्पनिक तार, एक तोंड आत आणि एक बाहेर. कंटेनरची पॅकेटे बाहेर पडताना त्यांच्यावर लॅपटॉपचाच पत्ता लिहिला जातो, आणि उत्तर आले की लॅपटॉप ते आत पोचवतो. आपल्याकडे पत्रावर 'द्वारा अमुक अमुक' लिहीत, तीच पद्धत. कंटेनरला १०.०.३.५७ हा पत्ता मिळाला. पुलाला पिंग केले, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारली, तर उत्तर मिलिसेकंदाच्या आतच आले. मी खूश होऊन आत सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची आज्ञा दिली आणि पडद्यावर 'शून्य टक्के, जोडणी करीत आहे' अशा अर्थाची ओळ उमटली. मी चहा पिऊन आलो, तरी शून्य टक्केच होते.

या क्षेत्रात काहीही बिघडले की प्रथम डीएनएसवर, म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणाऱ्या सेवेवर, संशय घेतात, तसा मीही घेतला. परंतु संकेतस्थळाचे नाव सांगताच कंटेनर त्याचा आकडी पत्ता अचूक सांगत होता. नाव विचारायला त्याला पुलापलीकडे जावेच लागत नाही. ते उत्तर लॅपटॉपच देतो. म्हणजे पत्ता तोंडपाठ आणि पाऊल मात्र उंबऱ्यातच. मी राउटर बंद करून चालू केला. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, इंटरनेट चांगलं चालू होतं की! माझी मालिका ऐन रंगात आली होती." निर्दोष डीएनएसवर आळ घेतल्याचे हे प्रायश्चित्त मी मान खाली घालून स्वीकारले.

तिसऱ्या दिवशी पाळत ठेवायचे ठरवले. टीसीपीडम्प हे साधन तारेवरून जाणारे प्रत्येक पॅकेट दाखवते. डावीकडच्या खिडकीत पुलावरची पाळत, उजवीकडे वायफायवरची, आणि कंटेनरमधून पिंग चालू. डावीकडे दर सेकंदाला एक ओळ शिस्तीत पडत होती आणि उजवीकडे शुकशुकाट होता. म्हणजे पॅकेट घरातून निघते, अंगणातही दिसते, आणि फाटकापर्यंत पोचत नाही. अंगण ते फाटक या बोळाला लिनक्समध्ये फॉरवर्ड म्हणतात. कुणाला जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या आयपीटेबल्सला मी त्या बोळाचे नियम आकड्यांसकट मागितले. वरच्याच ओळीत लिहिले होते: धोरण ड्रॉप, म्हणजे टाकून द्या, ४१२ पॅकेटे, ३४६०८ बाइट. पुन्हा आज्ञा दिली, ४१३. पुन्हा, ४१४. प्रत्येक पिंग ८४ बाइटचे, आणि प्रत्येकाची नोंद चोख. दारात अडवलेल्या माणसांची इतकी व्यवस्थित वही मी आमच्या रखवालदाराकडेही पाहिलेली नाही.

मला खटकले ते हे की, एलएक्ससीने आपल्या पाहुण्यांना जाऊ द्यावे असा नियम रीतसर लावलेला होता आणि तो मला डोळ्यांनी दिसत होता. पण नवी एलएक्ससी आपले नियम एनएफटेबल्स या आयपीटेबल्सच्या धाकट्या भावंडात स्वतःच्या वेगळ्या तक्त्यात लिहिते, आणि तिथला कायदा असा की होकार नियमांच्या त्या एका साखळीपुरता, नकार मात्र कुणाचाही असला तरी अंतिम. सोसायटीची सर्वसाधारण सभा वीस वर्षे पाहिलेल्या माणसाला हे पहिल्याच वाचनात समजायला हवे होते.

मग नकार कुणाचा? तीन महिन्यांपूर्वी माझ्या भाच्याने, "मामा, दोन मिनिटांचं काम आहे," असे म्हणून कौटुंबिक छायाचित्रे लावून ठेवण्यासाठी याच लॅपटॉपवर आणखी एक कंटेनर-प्रणाली बसवली होती. पूर्वीच्या बायका यजमानांचे नाव घेत नसत, तसे मीही तिचे घेत नाही. ही प्रणाली सुरू होताना फाटक बाहेरच्यांसाठी बंद असेल, तर ते स्वतःच उघडते, आणि आपल्या मागे भलतेच कुणी ये-जा करू नये म्हणून बोळाला कुलूप घालून आपल्याच पाहुण्यांना किल्ल्या देते. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे आणि दस्तऐवजात तसे लिहिलेलेही आहे. म्हणजे घरात आधीच एक पोटभाडेकरू होता, त्याने बोळाचे कुलूप बदलले होते, आणि घरमालक तीन दिवस डीएनएसची चौकशी करत होता. भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मामा, मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही हो म्हणालात." मी हो म्हणालो असेनच, त्याच्या पाचव्या वाक्यानंतर मी सगळ्यालाच हो म्हणतो.

उपाय दोन ओळींचा निघाला. त्या प्रणालीने घरमालकाच्या नियमांसाठी एक साखळी मोकळी ठेवलेली असते. पुलावरून बाहेर जाणाऱ्याला जाऊ द्यावे आणि त्याचे उत्तर आले तर आत येऊ द्यावे, एवढेच तिच्यात लिहिले. शून्य टक्क्यांची ओळ थरथरली, आणि तीन दिवस दारात ताटकळलेली सगळी पॅकेजे धो धो खाली आली. मी तत्काळ अध्यक्षकाकांना संध्याकाळी सहाला हिशेब पाहायला बोलावले.

पावणेसहाला वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने जीव सोडून वर्ष झाले आहे. सहाला वीज आली, काकाही आले, आणि चष्मा पुसत खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. हाताने लिहिलेले नियम जपून ठेवल्याशिवाय यंत्र बंद होताच विसरले जातात, हे मला ठाऊक होते. जपून ठेवायचे मात्र चहानंतर ठरले होते. कंटेनर उठला, पुलाला पिंग केले, उत्तर मिलिसेकंदाच्या आत आले.

"चालतंय की," काका म्हणाले.

मी काही न बोलता बाहेरच्या जगाला पिंग लावले आणि दुसऱ्या खिडकीत बोळाचे नियम मागितले. धोरण ड्रॉप, ७ पॅकेटे, ५८८ बाइट.