म्हणे पोर्तुगीजांनी अख्खा समुद्र जिंकला होता!

एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असं, की वास्को द गामाने स्वतःच्या हिमतीवर भारताचा रस्ता शोधला, मग तोफांच्या जोरावर पोर्तुगीजांनी मसाल्याचा सगळा व्यापार खिशात घातला, त्या पैशावर पोर्तुगाल गब्बर झाला, आणि शेवटी डच आले, १६६३ला कोचीन पडलं नि साम्राज्य खल्लास. वाचायला झकास आहे, पण जवळपास प्रत्येक वाक्यात गडबड आहे, म्हणून एकेक घेतो.

आधी तो रस्ता. आफ्रिकेचं दक्षिण टोक पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियश १४८८लाच वळसा घालून आला होता. गामाने अटलांटिकमध्ये खूप लांबून वळसा घेतला ते धाडसच होतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचल्यावर पुढचा अरबी समुद्र त्याला नवा होता, बाकी सगळ्यांना नव्हता. आजच्या केनियातल्या मालिंदी बंदराच्या राजाने वाटाड्या दिला, नैऋत्येचं वारं सुरू होत होतं आणि २३-२४ दिवसांत मलबारचा किनारा दिसला. (तो वाटाड्या म्हणजे प्रसिद्ध अरब दर्यावर्दी इब्न माजिद असं छातीठोक सांगतात, ते आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत.) कालिकतला (आजचं कोळिकोड) गामाने आधी एका शिक्षा झालेल्या माणसाला किनाऱ्यावर पाठवलं, तर त्याला भेटले कोण, ट्युनिसचे दोन व्यापारी, आणि ते त्याच्याशी चक्क स्पॅनिशमध्ये बोलले, की अरे सैतान घेऊन जावो तुला, इकडे कुठे! म्हणजे "शोध" लागायच्या आधी तिथे ओळखीची भाषा बोलणारी माणसं हजर.

परतताना वाटाड्याही नाही आणि वाऱ्याची समजही नाही. ऑगस्टच्या शेवटी कालिकत सोडलं, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थांबले, तिथून ५ ऑक्टोबरला निघाले ते आफ्रिका दिसायला जानेवारी उजाडला. येताना तीन-साडेतीन आठवडे, जाताना तीन महिने! हिरड्या सुजून, स्कर्व्ही या रोगाने तीसेक माणसं या एका टप्प्यात गेली आणि चालवायला माणसंच उरली नाहीत म्हणून एक जहाज स्वतःच जाळावं लागलं. थोडं थांबून ईशान्येचं वारं धरलं असतं तर हे टळलं असतं, आणि हे त्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही तांडेलाला माहीत होतं.

आता "सगळा व्यापार खिशात". गामाने झामोरिनसाठी, म्हणजे कालिकतच्या राजासाठी, काढलेली भेट बघा: पट्ट्यापट्ट्यांचं कापड, टोप्या, पोवळ्याच्या माळा, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध. दरबारातली माणसं हसली, म्हणाली मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीसुद्धा याहून जास्त देतो, सोनं आणा. मला वाटतं सगळी मेख इथेच आहे. इथे खपेल असा माल त्यांच्याकडे जवळजवळ नव्हताच, होत्या तोफा, मग दुसऱ्याच्या धंद्यावर टोलनाका बसवला. जहाज काढायचं तर त्यांचा परवाना घ्या, त्याला कार्ताझ म्हणायचे, आणि त्यांच्या बंदरात येऊन जकात भरा. नाही घेतला तर जहाज जप्त. दहशत खरीच होती, १५०२ला गामाने यात्रेकरूंनी भरलेलं जहाज बायकामुलांसकट जाळलं होतं.

पण नाका बसवला म्हणजे रस्त्यावरचा सगळा माल तुमचा होत नाही. गोवा १५१०, आजच्या मलेशियातलं मलाक्का १५११, इराणच्या आखाताच्या तोंडावरचं होर्मुझ १५१५, हे घेतलं, पण १५१३ला तांबड्या समुद्राच्या तोंडाजवळचं एडन घेता आलं नाही आणि ते तोंड, म्हणजे युरोपकडे जाणारी जुनी वाट, उघडंच राहिलं. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमात्रातल्या आचेहून मिरी थेट तिकडे जायला लागली आणि व्हेनिसच्या बाजारात पुन्हा भरपूर दिसायला लागली. गुजराती व्यापारी तर धंदा करतच राहिले, परवान्याचा खर्च धरून. १६१३ला पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचं 'रहीमी' हे जहाज परवाना असूनही पकडलं, तर बादशहाने त्यांचा व्यापार बंद पाडला आणि दमणला वेढा घातला. समुद्राचे मालक असते तर असं हातघाईला आले असते का?

गब्बर होण्याबद्दल थोडक्यात. मिरी घ्यायला चांदी आणि तांबं लागायचं, ते बरंचसं जर्मनीकडून आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पमार्गे यायचं. तिथली राजाची पेढी १५४९ला बंद झाली आणि १५६०ला लिस्बनच्या दरबाराने कर्जाची देणी थांबवली. श्रीमंत झाले ते कप्तान आणि अधिकारी, स्वतःच्या खाजगी व्यापारावर.

राहिले डच. मलाक्का, कोलंबो, कोचीन त्यांनी घेतलं हे खरं. पण होर्मुझ १६२२ला इराणच्या शाह अब्बासने इंग्रजी जहाजांच्या मदतीने घेतलं, हुगळी १६३२ला मुघलांनी, मस्कत १६५०ला आणि मोंबासा १६९८ला ओमानच्या अरबांनी. मुंबई तर लग्नात आंदण गेली. वसई १७३९ला चिमाजी अप्पांनी घेतली, हे मराठी ग्रुपवरच्या फॉरवर्डमध्ये गाळलेलं बघून खरंच गंमत वाटली. आणि ब्राझीलमध्ये उलटं घडलं, १६५४ला पोर्तुगीजांनीच डचांना हाकललं, मग शतकाच्या शेवटी तिथे सोनं सापडलं आणि लिस्बनला पुन्हा बरे दिवस आले, गुलामांच्या घामावर अर्थात.

गोव्याचंच घ्या ना. सव्वाचारशे-साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं होतं ते तिसवाडी, बार्देश, साष्टी एवढंच. फोंडा त्यांना मिळाला १७६३ला, डिचोली-सत्तरी १७८०च्या दशकात, पेडणं १७८८ला. म्हणजे आजच्या गोव्याचा मोठा भाग त्यांनी घेतला तो फॉरवर्डच्या हिशेबाने साम्राज्य संपल्यावर शंभर वर्षांनी.