ज्याचं काही जळत नाही, त्याची सहिष्णुता

नमस्कार,

सहिष्णुतेवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली त्याच रात्री एक उत्तर लिहून काढलं होतं. सकाळी ते पुसून टाकलं, कारण त्यात तुमच्या मुद्द्यांपेक्षा माझा रागच जास्त होता. (सहिष्णुतेवर लेख पाडणाऱ्याची ही गत!) आज जरा निवांत लिहितोय.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझ्या लेखातली सहिष्णुता ही ज्यांचं काही जळत नाही अशांची चैन आहे. ‘सगळ्या मतांचा आदर करा’ हे वाक्य नेहमी वरचा माणूस खालच्याला ऐकवतो, आणि काय सहन करायचं याची मर्यादाही नेहमी सत्तेवरचाच आखतो. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने सांगूनच ठेवलंय की असहिष्णू लोकांना सहन केलं तर सहिष्णुताच बुडते, तेव्हा त्यांची तोंडं आधी बंद करायला हवीत. आणि शेवटी टोला असा की मी स्वतः त्या लेखाखालच्या दोन प्रतिक्रिया उडवल्या.

‘सगळ्या मतांचा आदर’ हे शब्द माझेच, आणि ते मी मागे घेतो. जे मत मला दुष्टपणाचं वाटतं त्याचा आदर मी कुठून आणणार? आणला तर ते ढोंग होईल. शब्दाकडेच नीट पाहायला हवं होतं. ‘सहिष्णु’ आला ‘सह्’ या धातूवरून, म्हणजे सोसणं. आवडती गोष्ट कोणी सोसत नाही. म्हणजे आधी काहीतरी खुपलं पाहिजे, तरच सहिष्णुतेचा प्रश्न येतो. ज्याला देव असला काय, नसला काय, सारखंच, त्याने आस्तिक-नास्तिक दोघांशी गोड वागून दाखवलं तर त्यात त्याचं कौतुक कसलं? तो उदासीन आहे, इतकंच. पुष्कळदा आपण स्वतःला उदार समजतो तेव्हा खरं तर त्या विषयात आपलं काही अडकलेलं नसतं.

माझं अडकलेलं एक उदाहरण देतो. फाशीची शिक्षा असावी असं माझ्या मोठ्या भावाचं ठाम मत आहे, आणि ती रानटी आहे असं माझं. वीस वर्षं आम्ही यावर भांडतोय. एकदा तर मी जेवता जेवता ताटावरून उठलो होतो. मध्यंतरी त्याने मला वर्तमानपत्राचं एक कात्रण आणून दिलं. ‘तुझ्या बाजूचं आहे. मला एक अक्षर पटलेलं नाही, पण तुझ्या कामाला येईल.’ त्याने माझ्या मताचा आदर केला का? मुळीच नाही. आजही तो मला भाबडा म्हणतो. पण माझं म्हणणं मला नीट मांडता यावं, याची तजवीज त्याने केली. आदर हवाच असेल तर तो इथे आहे. तो मताचा नाही, मत असलेल्या माणसाचा आहे.

आता तुमचा वरच्या-खालच्याचा मुद्दा. मला तो तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात वजनदार वाटला. ज्याच्या हातात थांबवण्याची ताकदच नाही, त्याचं गप्प बसणं ही सहिष्णुता नव्हे, लाचारी आहे. त्याला ‘जरा सहिष्णू व्हा’ म्हणणं म्हणजे मार खाणाऱ्याला ओरडू नको म्हणण्यासारखंच. पण यातून तुम्ही सहिष्णुता निकामी आहे असा निष्कर्ष काढता, आणि मी नेमका उलटा. हे ओझं बलवानाच्या डोक्यावरचं आहे. ज्याला दडपता येतं, त्यानेच हात आवरायचा आहे.

म्हणून मला अशोकाचा बारावा शिलालेख महत्त्वाचा वाटतो. तो एका सम्राटाने लिहवून घेतला आहे. उठसूट स्वतःच्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये, वाणीवर संयम ठेवावा, आणि दुसऱ्याला खाली पाडणारा आपल्याच पंथाचं जास्त नुकसान करतो, असं त्यात आहे. हा लेख अनेक ठिकाणी कोरलेला आहे, त्यातल्या गुजरातमधल्या गिरनारच्या पाठातले शब्द ‘समवायो एव साधु’, म्हणजे एकत्र येणंच चांगलं. (जाता जाता: अशोक सगळ्याच पंथांना ‘पासंड’ म्हणतो, कसलाही तिरस्कार न ठेवता. त्याच शब्दाचं पुढे आपण ‘पाखंड’ केलं. दुसऱ्याचा पंथ या अर्थाच्या शब्दाची शिवी झाली, यातच पुष्कळ आलं.) पण याच अशोकाने स्वतःच्या बौद्ध संघात फूट पाडणाऱ्या भिक्षु-भिक्षुणींना पांढरी वस्त्रं नेसवून बाहेर काढण्याची आज्ञाही कोरून ठेवली. परक्यांशी सबुरी आणि घरच्यांना दटावणी. घरातला मतभेद जास्त झोंबतो, हे तुम्हाआम्हालाही माहीत आहे.

मर्यादा आखणारा नेहमी सत्तेवरच असतो, हे तुमचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचं सहिष्णुतेवरचं प्रसिद्ध पत्र १६८९ चं. त्यातही नास्तिकांना जागा नाही, कारण देव न मानणाऱ्याच्या शपथेवर भरवसा कसा ठेवायचा! हा समज किती चिवट असावा? चार्ल्स ब्रॅडलॉ हा नास्तिक १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला. देवाच्या शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापत्र करू द्या म्हणाला, तर नकार. बरं, शपथच घेतो म्हणाला, तर त्यालाही नकार. एक रात्र त्याला संसदेच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडलं. त्याची जागा रिकामी ठरवायची, मतदारांनी त्याला पुन्हा निवडून द्यायचं, असं चालू राहिलं. १८८६ मध्ये एकदाचा तो सभागृहात बसला आणि १८८८ मध्ये शपथेला पर्याय देणारा कायदा झाला. लॉकपासून जवळजवळ २०० वर्षं.

लॉकसारख्या माणसाची रेषा चुकली, तर तुमची-माझी चुकणार नाही कशावरून? रेषा नकोच असं मी म्हणत नाही. ती खोडून पुन्हा आखता आली पाहिजे, आणि ती चुकीची आहे असं ओरडणाऱ्याला तोंड उघडायची मुभा पाहिजे. तुमचा उपाय, म्हणजे ‘आधी तोंड बंद’, नेमकी हीच वाट बुजवतो.

आणि पॉपर तुम्हाला वाटतो तितका तुमच्या बाजूला नाही. त्याचा तो उतारा १९४५ च्या पुस्तकातल्या एका तळटिपेत आहे आणि लोक तो बहुधा अर्धाच सांगतात. असहिष्णू विचारांना जोवर युक्तिवादाने उत्तर देता येतं आणि लोकमताने आवर घालता येतो, तोवर ते दडपणं फार अविचाराचं ठरेल, असंही तो तिथेच म्हणतो. दडपण्याचा हक्क तो राखून ठेवतो खरा. पण तो कोणाविरुद्ध? जे आपल्या अनुयायांना समोरच्याचं ऐकायलाच मनाई करतात, युक्तिवादाला मुठीने नाहीतर पिस्तुलाने उत्तर द्यायला शिकवतात, त्यांच्याविरुद्ध. म्हणजे मत किती विषारी आहे यावर त्याची कसोटी नाही. बोलणं संपवून हात कोण उगारतो, यावर आहे.

याच कसोटीवर माझा हिशेब करू. मी उडवलेल्या दोन प्रतिक्रियांपैकी एकीत दुसऱ्या एका वाचकाच्या घराचा पत्ता होता आणि खाली ‘भेटून समजावा याला’. ती परत येणार नाही. ज्याचा पत्ता होता त्याने नंतर इथे एक अक्षर लिहिलेलं नाही. एकाला बोलू देताना दुसऱ्याचं बोलणं बंद पडत असेल, तर मी कोणाची बाजू घ्यायची, हे मला ठरवावंच लागतं.

दुसरी प्रतिक्रिया मात्र फक्त माझ्याबद्दल होती. मी बोटचेपा आहे, कुंपणावर बसून दोन्हीकडच्या टाळ्या घेतो, वगैरे. ‘भाषा असभ्य आहे’ असं कारण देऊन मी ती काढली. काल पुन्हा वाचून पाहिली, तर भाषा असभ्य नव्हतीच, ती झोंबली होती. ती आता जागच्या जागी परत लावली आहे. तुमच्या प्रतिक्रियेच्या वरतीच दिसेल.