युबारीच्या कर्जाची शिक्षा नेमकी कोणाला?

जपानच्या होक्काइदो बेटावरील युबारी या शहराचे नाव निघाले की ‘नगरपालिकेने उधळपट्टी केली आणि दिवाळे वाजले’ एवढ्यावर बोलणे संपते. हा निवाडा मला अन्यायकारक वाटतो.

कोळशाच्या खाणींवर वाढलेल्या या शहराची लोकसंख्या 1960 मध्ये सुमारे 1 लाख 17 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 7,334 भरली. देशाने कोळसा सोडून आयात तेलाची कास धरली, तशा खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या. 1981 च्या भीषण खाण दुर्घटनेत 93 जणांचा बळी गेला आणि 1990 मध्ये शेवटची खाणही बंद झाली. कंपन्या निघून गेल्या. कामगारांची घरे, पाणीपुरवठा आणि रुग्णालय मात्र नगरपालिकेच्या गळ्यात पडले. रोजगारासाठी महापौर तेत्सुजी नाकाता यांनी मनोरंजन उद्यान, हॉटेल आणि स्कीइंगची केंद्रे यांवर पैसा ओतला. तो जुगार फसला, आणि वाढती तूट झाकण्यासाठी अल्पमुदतीची कर्जे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली गेली, हे मुळीच क्षम्य नाही. पण 2007 मध्ये सुमारे 3,530 कोटी येनांच्या फेडीची योजना लागू झाली, तेव्हा तिची झळ सोसली ती मागे उरलेल्या सामान्य माणसांनी. कर वाढले, नगरपालिकेचे निम्मे कर्मचारी गेले, प्राथमिक शाळा एकच उरली आणि 171 खाटांच्या रुग्णालयाचा 19 खाटांचा दवाखाना झाला. अशा गावात तरुण जोडप्याने कशाच्या भरवशावर राहायचे? ज्यांना जाणे शक्य होते ते गेले, आणि कर्जाचा दरडोई बोजा उरलेल्यांवर आणखी वाढला.

तोक्यो प्रशासनाने मदतीसाठी पाठवलेले नाओमिची सुझुकी 2011 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, येथील महापौर झाले. त्यांच्या काळातील मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम दिखाऊ नाही. खाणींच्या तोंडाशी वसलेल्या वस्त्या दरीभर विखुरलेल्या होत्या. मायाची भागातील सरकारी इमारतींत मोजकीच बिऱ्हाडे उरली होती, तरी प्रत्येक इमारतीची देखभाल चुकत नव्हती. तेथील रहिवाशांशी, ज्यांत वृद्धच अधिक होते, बोलून त्यांना कमी इमारतींत एकत्र आणले गेले. तोट्यातील रेल्वेमार्ग बंद करण्याचा प्रस्ताव नगरपालिकेने स्वतःच मांडला आणि बदल्यात बससेवेसाठी मदत पदरात पाडून घेतली; 2019 मध्ये तो मार्ग थांबला. त्याच वर्षी युबारीच्या प्रसिद्ध खरबुजांची एक जोडी लिलावात 50 लाख येनांना विकली गेली. ही शेती कष्टाने टिकवलेली आहे, पण तेवढ्यावर शहर चालत नाही.

फेड मार्च 2027 पर्यंत पूर्ण व्हावयाची आहे. त्यानंतर हाती राहणारा पैसा पुन्हा एखाद्या भव्य पर्यटन प्रकल्पात न घालता आधी दवाखाना, शाळा आणि बस यांवर खर्च व्हावा, आणि ज्या ऊर्जाधोरणाने हे शहर वसवले व मोडले, त्या धोरणाच्या कर्त्या केंद्र सरकारने त्यात आपला वाटा उचलावा, असे माझे ठाम मत आहे.