जोन्स कायदा प्रत्येक खलाशासाठी नाही

बोटीवर पाठ दुखावून घरी आलेल्या माझ्या मामेभावाला कुणीतरी सध्या फिरत असलेला एक मजकूर पाठवला आणि तो वाचून त्याने कंपनीची रक्कम नाकारायचे ठरवले, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मजकुराचे म्हणणे असे, की खलाशाला जगात कुठेही इजा झाली तरी अमेरिकेच्या जोन्स कायद्याखाली वेदना आणि मनस्तापापोटी कोट्यवधी रुपये मिळतात, कंपनीचे पैसे घेतल्यास हा हक्क बुडतो आणि दाव्याला मुदत नाही.

1920 च्या या कायद्याखाली मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्यास वेदनेचीही भरपाई मिळते, एवढे खरे. मात्र तो लागू कुणाला, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1953 मध्ये लॉरिट्झन विरुद्ध लार्सन या खटल्यात सांगितलेले आहे. खलाशी डॅनिश, बोट डॅनिश, इजा हवाना बंदरात. नोकरीच्या करारावरची सही न्यूयॉर्कमध्ये झालेली असूनही न्यायालयाने डेन्मार्कचाच कायदा लावला. मग मुंबईत सही करून पनामाच्या झेंड्याखाली सिंगापूरजवळ जायबंदी झालेल्याला अमेरिका कशाच्या आधारावर भरपाई देणार? 1970 मध्ये एका ग्रीक खलाशाला हा कायदा लागू झाला, हेही मान्य करतो. पण त्याच्या मालकाचा कारभार अमेरिकेतून चालत होता आणि इजा न्यू ऑर्लिन्स बंदरात झाली होती.

पैसे न घेण्याचा सल्ला तर निव्वळ घातक आहे. भारताने 2015 मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार मृत्यू किंवा दीर्घकालीन अपंगत्वाची, खलाशाच्या नोकरीच्या करारात ठरलेली रक्कम पूर्ण आणि विनाविलंब द्यावी लागते, ती कमी घेण्यासाठी दबाव आणता येत नाही आणि ती घेतल्याने इतर कायदेशीर हक्क जात नाहीत. फार तर पुढच्या भरपाईतून ती वजा होते. ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असे लिहिलेल्या कागदावर मात्र वकिलाला न दाखवता सही करू नये.

मुदतीचे म्हणणे साफ खोटे आहे: जोन्स कायद्याखाली ती 3 वर्षांची आहे.

मजकुराच्या तळाशी ‘नोंदणी शुल्क’ भरण्यासाठी एक क्रमांक दिलेला आहे. अमेरिकेतले वकील इजेचे दावे बहुधा मिळालेल्या रकमेतल्या हिश्श्यावर चालवतात. तेव्हा हे आगाऊ शुल्क नेमके कशाचे, हे पैसे भरण्यापूर्वी त्या क्रमांकावर विचारावे.