सायकलवर गेलं म्हणून विरळ हवा सोडत नाही

परवा रात्री भाचीने एक मेसेज पुढे पाठवला. खाली तिची स्वतःची एकच ओळ होती: "मावशी, हे वाच. सारी-ताशचा मुक्काम काढून टाकते, दोन दिवस वाचतील."

ती जुलैमध्ये किर्गिझस्तानातल्या ओशपासून ताजिकिस्तानातल्या दुशान्बेपर्यंत पामीर महामार्गाने सायकलवर एकटी जाणार आहे. सारी-ताश हे त्याच वाटेवरचं उंचावरचं गाव. वर्षभर तयारी चालली आहे आणि मला तिचं कौतुक आहे. म्हणूनच तो मेसेज वाचून झोप उडाली. "एकट्याने सायकलवर दूरदेशी जाणाऱ्यांना घाबरवणाऱ्या खोट्या गोष्टी" असं त्याचं नाव आहे. सायकलवाल्यांच्या तीन गटांतून तो माझ्याकडे पोहोचला आणि प्रत्येक ठिकाणी खाली अंगठे आणि टाळ्या होत्या. त्यामुळे उत्तर एकट्या भाचीला न देता सगळ्यांसमोर देते आहे.

पहिला मुद्दा जसाच्या तसा देते: "विरळ हवेचा त्रास विमानाने आणि गाडीने वर जाणाऱ्यांना होतो. सायकलस्वार इतका हळू चढतो की शरीराला आपोआप सवय होते. त्यातून ज्याचा दम चांगला आहे त्याला तर काहीच होत नाही. स्वीडनचा योरान क्रॉप सायकलवरून एव्हरेस्टला गेला, हे विसरू नका."

सायकल हळू असते, पण कशाच्या मानाने? ओश साधारण हजार मीटरवर आहे आणि सारी-ताश ३,१७० मीटरवर. मधलं अंतर सुमारे १८५ किलोमीटर, वाटेत ३,६१५ मीटरची ताल्दिक खिंड. पाय तयार असलेला माणूस हे तीन दिवसांत करतो, काही जण दोन दिवसांतही करतात. सारी-ताशहून निघालं की पुढे ४,२८० मीटरची किझिल-आर्ट खिंड, तीच दोन देशांमधली सीमा. ती ओलांडली की रात्र काढायला गाव करकुल, जवळपास ३,९०० मीटरवर. म्हणजे ओशला हजार मीटरवर झोपलेला माणूस चौथ्या-पाचव्या रात्री ३,९०० वर झोपलेला असतो. याला हळू कोण म्हणेल?

डोंगरावरच्या आजारांसाठी जगभरचे डॉक्टर ज्या मार्गदर्शक सूचना वापरतात, त्या वाइल्डरनेस मेडिकल सोसायटीच्या आहेत. त्या सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. त्यात "झोपण्याची" हा शब्द महत्त्वाचा आहे. दिवसा खिंडीत वर जाऊन खाली झोपायला आलात तर चालतं. शरीराचा हिशेब रात्रीच्या उंचीवर होतो, आणि तुम्ही तिथवर गाडीने आलात की पायडल मारत, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. सारी-ताश ते करकुल हा फरकच सातशे मीटरच्या वर आहे. भाचीने काढून टाकलेले दोन दिवस नेमके या फरकासाठी होते.

दम चांगला असण्याचा मुद्दा तर उलटाच आहे. धावणारे, पोहणारे, घाट चढणारे, कोणालाही हा त्रास होऊ शकतो. फुप्फुसांत पाणी साचण्याचा जो प्रकार आहे, त्यात उंचीवर गेल्या गेल्या केलेले जोराचे श्रम धोका वाढवतात, आणि भरलेली सायकल चढावर ढकलणं म्हणजे जोराचे श्रमच. तयार माणूस डोकं दुखत असतानाही पुढचा टप्पा गाठू शकतो, एवढाच त्याचा फरक. थकलेला बिचारा आधीच थांबलेला असतो.

आता क्रॉप. तो ऑक्टोबर १९९५ मध्ये स्टॉकहोमहून निघाला, सुमारे १३ हजार किलोमीटर सायकल चालवून नेपाळला पोहोचला, पुढे सामान स्वतःच्या पाठीवर वाहिलं आणि बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय शिखर गाठलं, हे सगळं खरं. पण सायकलने त्याला एव्हरेस्टवर नेलं नाही, नेपाळपर्यंत नेलं. त्यानंतर तो कित्येक आठवडे डोंगरावर चढ-उतार करत राहिला. मे महिन्याच्या सुरुवातीला शिखर शंभरेक मीटरवर राहिलेलं असताना उशीर झाला म्हणून तो मागे फिरला, आणि २३ मे १९९६ ला पुन्हा जाऊन पोहोचला. थांबणं आणि मागे फिरणं ज्याला सर्वांत चांगलं जमलं, त्याचं नाव घेऊन माझ्या भाचीला थांबू नकोस म्हणून सांगायचं?

मेसेजमध्ये असंही आहे की हवेत प्राणवायू सगळीकडे २१ टक्केच असतो, मग विरळ कसली? टक्केवारी बरोबर आहे, हे मान्य करते. पण वर जाऊ तसा हवेचा दाब उतरतो आणि एका श्वासात येणारी हवाच कमी होते. ५,५०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. निम्म्या भाकरीतही पीठ शंभर टक्केच असतं, पण पोट अर्धंच भरतं.

दुसरा मुद्दा वाचून मात्र माझा संयम सुटला: "डोकं दुखलंच तर वेदनाशामक आणि झोपेची गोळी घेऊन गाढ झोपा. सकाळपर्यंत शरीर जुळवून घेतं."

हे कोणी लिहिलं मला माहीत नाही, पण यावर विश्वास ठेवून कोणी मरू शकतं. उंचीवर झोपेत श्वास आधीच अनियमित होतो, अधूनमधून काही क्षण थांबतोसुद्धा. त्यात गुंगी आणणारी गोळी घेतली तर श्वास आणखी मंदावू शकतो. आणि मेंदूला सूज येऊ लागल्याची खूण म्हणजे सुस्ती, गोंधळ आणि तोल जाणं. गोळी घेऊन झोपलेल्या माणसाची सुस्ती गोळीची की सुजेची, हे ओळखणार कोण? एकट्या प्रवाशाच्या तंबूत तर विचारायलाही कोणी नसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०१७ मध्ये मी याच रस्त्याने एकटी गेले होते. सारी-ताशला एकच रात्र काढली, दुसऱ्या दिवशी वारा पाठीशी होता म्हणून थेट करकुल गाठलं. रात्री डोकं दुखलं, जेवण नकोसं झालं, आणि थकव्यामुळे असेल म्हणून मी ते सोडून दिलं. दुसरा दिवस अंथरुणात गेला. तिसऱ्या सकाळी बुटाची नाडी बांधता येईना. दोन्ही टोकं हातात होती आणि त्यांचं पुढे काय करायचं तेच सुचत नव्हतं. त्या घरात उतरलेली दुसरी एक सायकलस्वार नर्स होती. तिने मला जमिनीवरच्या नमद्याच्या, म्हणजे लोकरी जाजमाच्या काठावरून, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत, सरळ चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला मी डावीकडे भिंतीवर गेले. पुन्हा केलं, पुन्हा भिंत. तिने मला काही समजावलं नाही, घरधन्याला जीप काढायला सांगितलं.

"त्रास झाला की खाली उतरा" हे सगळ्यांना पाठ असतं. पण करकुलहून खाली म्हणजे कुठे? दक्षिणेला मुर्गाब, तेही ३,६५० मीटरवर, आणि मध्ये ४,६५५ मीटरची अक-बैताल खिंड. उत्तरेला सारी-ताश, आणि मध्ये ४,२८० ची किझिल-आर्ट. करकुलहून उतरायला आधी चढावं लागतं. मी जीपच्या मागच्या सीटवर आडवी पडून ती खिंड ओलांडली आणि तो तास माझ्या आयुष्यातला सर्वांत वाईट तास आहे. सीमेवरच्या दोन्ही चौक्यांवर मला उठून उभं राहावं लागलं, तेव्हा त्या नर्सने बगलेत हात घालून धरलं होतं. सारी-ताशलाही न थांबता आम्ही थेट ओशला उतरलो. दुसऱ्या दिवशी मी सरळ चालू शकले. सुजेची सुरुवात होती, आणखी एक रात्र वर काढायला नको होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

म्हणून आधीचे मुक्काम हाच या रस्त्यावरचा खरा इलाज आहे. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी शरीराला सवय लवकर व्हायला मदत करते, पण ती निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून, आपल्याला चालते की नाही ते पाहून घ्यायची. आणि ती घेतली म्हणून मुक्काम गाळायचे नाहीत.

"सायकलस्वारांना व्हिसाची कटकट नसते, सीमेवरचे लोक सायकल बघून सोडतात." हेही धादांत खोटं. सायकलवरून जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून ज्याचं नाव घेतात, त्या थॉमस स्टीव्हन्सला १८८६ मध्ये अफगाणिस्तानातून परत पाठवलं होतं आणि त्याला मोठा वळसा घालून समुद्रमार्गे पुढे जावं लागलं. उंच चाकाच्या सायकलवरून एवढ्या लांब आलेला माणूस पाहूनही कोणी विरघळलं नाही. पामीरसाठी ताजिकिस्तानच्या व्हिसाबरोबर गोर्नो-बदख्शान प्रांताचा वेगळा परवाना लागतो आणि तो रस्त्यावरच्या चौक्यांवर तपासतात. किर्गिझ-ताजिक सीमा तर २०२१ च्या चकमकींनंतर कित्येक वर्षं सामान्य प्रवाशांना बंद होती. सीमेचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. कोणतं ठाणं कोणासाठी उघडं आहे हे निघायच्या आठवड्यात पुन्हा तपासायचं. आणि किर्गिझस्तानचा व्हिसा एकाच प्रवेशाचा घेऊ नकोस. माझा दोन प्रवेशांचा होता म्हणून मला खिंडीतून मागे येता आलं.

कुत्र्यांबद्दल मेसेज म्हणतो, "वेग वाढवा, थकून मागे राहतात." मेंढपाळांची ती दांडगी कुत्री चढावर भरलेल्या सायकलच्या मागे राहत नाहीत, आणि पळणाऱ्याच्या मागे लागणं हाच त्यांचा स्वभाव. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करायचं, हळूहळू चालत पुढे जायचं. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पुढचं वाक्य मात्र घातक आहे: "चावलंच तर जंतुनाशक लावा, पुढच्या शहरात दाखवा." रेबीजची लक्षणं सुरू झाली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि तसंच उठून लशीच्या शोधात निघायचं, प्रवास तिथेच थांबवून. निघण्याआधी प्रतिबंधक लस घेतली असेल तर नंतरचे डोस कमी लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागत नाही. दुर्गम भागात ते मिळणंच सर्वांत कठीण असतं, म्हणून ही लस आधीच घ्यायची.

बर्फाचं पाणी शुद्ध असतं, हा मुद्दा दोन ओळींत संपवते. वरच्या अंगाला याक आणि मेंढ्या चरतात, त्यामुळे पाणी उकळायचंच. उंचीवर ते कमी तापमानाला उकळतं म्हणून तीन मिनिटं उकळू द्यायचं. करकुल सरोवराच्या भरवशावर बाटल्या रिकाम्या ठेवायच्या नाहीत, ते खारं आहे.

महागडी सायकल लागत नाही, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे आणि मान्य करायलाच हवं. जर्मनीचा हाइन्झ श्टुके १९६२ मध्ये तीन गिअरच्या जड सायकलवर निघाला आणि पन्नासहून जास्त वर्षं फिरला. लोखंडी, साधी, कुठेही वेल्डिंग करता येईल अशी सायकल पुरते. पण त्याच श्टुकेच्या नावावर "पैसे लागत नाहीत" हेही खपवलं आहे, ते चुकीचं. तो आपल्या प्रवासाच्या पुस्तिका आणि फोटो विकून पोट भरत होता, म्हणजे काम करत होता. पामीरमधली घरं दारात आलेल्याला चहा-भाकरी दिल्याशिवाय सोडत नाहीत, हे मी अनुभवलं आहे. पण तिथे पीठसुद्धा दुरून ट्रकने येतं. फुकट खाण्याचा बेत करून जायला ती घरं नाहीत. मुक्कामाचे पैसे मोजून द्यायचे.

शेवटचा मुद्दा, "दुर्गम देशांत माणसं चांगलीच असतात, भीती टीव्हीने घातलेली आहे." माणसं चांगली असतात, यावर माझाही विश्वास आहे. पण २९ जुलै २०१८ ला ताजिकिस्तानात दांगारा भागात याच महामार्गावरून येणाऱ्या सायकलस्वारांवर गाडी घालून हल्ला झाला आणि चौघे गेले. मी वर्षभर आधी त्याच महामार्गावर होते. त्या चौघांपैकी कोणी निष्काळजी नव्हतं. ते गेले म्हणून कोणी जाऊ नये असं मी म्हणत नाही, भाचीलाही म्हटलेलं नाही. पण ते घडलंच नाही असं लिहिणं त्यांच्यावर अन्याय आहे.

आता राणी, तुझ्यासाठी. ओशहून पहिली रात्र गुलचाला, दुसरी ताल्दिकच्या चढाआधी, मग सारी-ताशला तीन रात्री. तिथे मधल्या दिवशी रिकामी सायकल घेऊन वर जाऊन ये, झोपायला खाली. पुढची रात्र किझिल-आर्टच्या अलीकडे ३,६०० च्या आत, आणि त्यानंतरच करकुल. रोज सकाळी बूट घालण्याआधी दहा पावलं टाचेला बोटं लावून सरळ रेषेत चालायची आणि मला तेवढं कळवायचं. जिथे फोन लागत नाही तिथे वहीत लिहायचं. वेळापत्रक दुरुस्त करून उद्या पाठव.