अर्ज डाव्या हाताने लिहावा

समजा, तुम्ही गोदाकाठच्या कुठल्याशा ठाण्यात पोलीस शिपाई आहात. रात्री दोनला वाळूची हायवा, म्हणजे मोठा डंपर, अडवलीत. ड्रायव्हरनं खाली उतरायचेही कष्ट न घेता खिडकीतून फोन तुमच्या हातात दिला. पलीकडं तुमचेच साहेब. हायवा गेली. मागं वाळूतून गळालेल्या पाण्याची रेघ तेवढी डांबरावर राहिली, तीही सकाळच्या उन्हात वाळली. आणि तुम्हाला वाटलं, हे वर कळवलं पाहिजे.

वाटू द्या. फक्त पद्धतशीर वाटू द्या.

असं कळवणाऱ्याला मराठीत जागल्या म्हणतात. जुना जागल्या गावासाठी रात्रभर जागायचा, सुगीला त्याच्या पदरात दाणे पडायचे. तुमच्या पदरात ‘कारणे दाखवा’ पडेल. पण घाबरू नका, तुमच्यासाठी २०१४ सालचा खास कायदा आहे. जागल्याचं नाव फोडणाऱ्याला त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड सांगितलाय. अडचण एवढीच, की केंद्र सरकार ठरवील त्या तारखेला तो लागू व्हायचाय, आणि ती तारीख अजून उगवायचीय. तोवर कायदा छापील प्रतीत सुखरूप आहे. तुमच्याबद्दल तसं सांगता येत नाही.

शिवाय त्या कायद्यात नाव लिहिल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. बीडमध्ये जात दिसू नये म्हणून पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढलं, चांगलंच केलं. पण तुमच्या अर्जाखाली नाव, आडनाव, बक्कल नंबर, सगळं पाहिजे. नाहीतर गुप्तता पाळायची कुणाची?

पुरावा हवा म्हणाल, तर ठाण्यातले कॅमेरे आहेतच. सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० ला सांगून ठेवलंय: दारात, कोठडीत, व्हरांड्यात, निरीक्षकाच्या खोलीतसुद्धा कॅमेरा, आवाजासकट, आणि चित्रण १८ महिने जपायचं. कॅमेरा चालू ठेवायची जबाबदारी ठाणेदारावर. म्हणजे साहेबांच्या खोलीत काय ठरलं हे पाहायचं, तर साहेबांनाच विचारायचं. नेमका त्या रात्री तांत्रिक बिघाड असतो. बिघाडाची वेळ पाळण्यात आपल्याकडची यंत्रं फार काटेकोर.

तरीही जीव राहत नसेल, तर पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात न्यायालयानं ते जिल्ह्याजिल्ह्यात करा म्हटलं होतं. आपल्या राज्यानं २०१४ च्या दुरुस्तीत जिल्ह्याऐवजी महसूल विभाग धरला. मराठवाड्याचे ८ जिल्हे म्हणजे एकच विभाग, त्याचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगर. किनवटच्या माणसानं नंदीग्राम एक्स्प्रेसनं निघावं. नांदेड, परभणी, जालना ओलांडेपर्यंत राग आपोआप शांत होतो. याला मी तरी मानसोपचार म्हणेन.

तेव्हा अनुभवी माणसाचं ऐका, निनावी अर्ज करा. डाव्या हातानं लिहा. दुसऱ्या तालुक्याच्या पोस्टात टाका. साहेबांच्या बायकोच्या नव्या गाडीचा उल्लेख टाळा, ती तुम्ही एकट्यानंच धुतलीय.

अर्ज एस.पी. ऑफिसला पोचेल. बारनिशीत नोंद होईल, गुलाबी शिक्का बसेल. तिथून ‘उचित कार्यवाहीस्तव’ म्हणून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडं. तिथून ‘आपले स्तरावर चौकशी करून अहवाल सादर करावा’ म्हणून ठाण्यात, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध अर्ज त्याच साहेबांच्या टेबलावर. चहा घेत साहेब तो दोनदा वाचतील. अक्षर ओळखायचा प्रयत्न करतील, सगळ्यांच्या सुट्टीच्या अर्जांशी ताडून बघतील. जमणार नाही, कारण तुम्ही हुशार. मग कोपऱ्यात लाल शाईनं बीट अंमलदाराचं नाव टाकतील. हायवा ज्या रस्त्यानं गेली ते बीट कुणाचं? तुमचंच.

दुपारी अर्ज तुमच्या हातात येईल. कारकुनाकडून कोरा कागद मागून घ्या आणि बसा. ‘सदर अर्जाची समक्ष जाऊन सखोल चौकशी केली असता त्यात कोणतेही तथ्य आढळून आले नाही. अर्जदार मिळून आला नाही. सबब अर्ज दप्तरी दाखल होणेस विनंती.’

हे मात्र उजव्या हातानं लिहा.